टकळीवाला मिस्त्री

बिरू मिस्त्रीकडे मोटारसायकल नेली की तो आधी गाडीकडे बघायचासुद्धा नाही. गारखेड्यात त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे लिंबाच्या बुंध्याला टेकवलेलं पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली अवजारांची एक लाकडी पेटी. त्या पेटीवर हा गृहस्थ मांडी घालून टकळीवर काळी लोकर कातत बसलेला असायचा. आपण घामाघूम होऊन गाडी आणावी, तक्रार सांगायला तोंड उघडावं, तर तो टकळीला गिरकी देऊन म्हणायचा, "इंजिन बंद करा. अन् ढकला. त्या बाभळीपस्तोर जा, माघारी या."

आमची पहिली भेट अशीच झाली. भर दुपारी मी बाभळीपर्यंत दोन खेपा घातल्या. हा डोळे मिटून कातत होता. "अजून येक डाव," म्हणाला. तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं.

"मिस्त्री, गाडी चालू करून तरी बघा. चढावर गिअर सुटतोय. गिअरबॉक्स गेलाय तिचा."

"कोन म्हनलं?"

"मीच म्हणतो."

"तुमी काय करता?"

"मी जनावरांच्या दवाखान्यात आहे. पशुधन पर्यवेक्षक."

"मंग जनावराला तपासा. हिला मी तपासतो," तो म्हणाला आणि त्यानं टकळी छपराच्या पत्र्यात खोचली. टकळी वर गेली की काम सुरू झालं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी वाटलं, माणूस रागावून दुकान बंद करतोय.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि गारखेड्यात घरांपेक्षा ज्वारी जास्त होती. बिरू तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर असेल. "पुलिस ॲक्शनच्या साली मी आईच्या पोटात व्हतो," असं तो वय सांगायचा, म्हणजे अठ्ठेचाळीस सालचा हिशेब. उंच, काटक, डोक्याला मळकं मुंडासं, आणि कान असे बाहेर आलेले की पोरं मागून हसायची. त्या कानांचा त्याला अभिमान होता. वेरूळच्या वरच्या पठारावरचा हा धनगर. पंचविशीपर्यंत मेंढरांमागे फिरला. मग एकदा एका वाटसरूच्या मोटारसायकलची चेन निसटली, ती यानं नुसत्या अंदाजानं चढवून दिली, आणि ती चेन फिरताना जो आवाज झाला तो म्हणे याच्या कानातून निघेना. तो आवाज ऐकत ऐकत तो शहरात, शहागंजात आला आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादाच्या पायाशी बसला. उस्तादाचं एक वाक्य तो उठता-बसता सांगायचा, तेही उस्तादाच्याच थाटात: "लोहा झूट नै बोलता मियाँ, चलानेवाला बोलता."

हे वाक्य त्यानं मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. खरं सांगायचं तर मला ते झोंबलं. पुढे कळलं की ते फारच कमी झोंबलं होतं.

आता माझं दुखणं काय होतं ते सांगतो. वेरूळच्या वर, डोंगरापलीकडे, धनगरांचे मेंढरांचे तळ असायचे. दिवाळी झाली की ते सगळे कळप घेऊन पैठणच्या बाजूला उतरत, गोदाकाठच्या शेतांत मेंढरं बसवत आणि उन्हाळ्याच्या शेवटी परतत. खाली उतरायच्या आत त्या मेंढरांना देवीची लस टोचणं माझं काम. लस बर्फाच्या थर्मासात न्यायची, बर्फ टिकतोय तोवर पोचायचं. एसटी खाली वेरूळच्या फाट्यावर सोडायची, पुढचा डोंगर पायी चढेपर्यंत बर्फाचं पाणी. म्हणून खात्यानं मला एक जुनी मोटारसायकल दिली होती. आदल्या वर्षी ती दौलताबादच्या घाटात अडली. खडखड करत झटके द्यायची, इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मी पोचलो तेव्हा तळ उठून गेले होते, चुलीतली राखही थंड. त्या साली देवीनं कळपच्या कळप झोपवले.

यंदा पुन्हा तेच चालू झालं होतं. आमच्या साहेबांनी सरळ सांगितलं, "पुढच्या सोमवारी मी येऊन बघतो आणि हिला कंडम करून टाकतो. रोजची कटकट नको." कंडम म्हणजे कागदावर गाडीचं मरण. दुसरी गाडी कधी मिळेल ते कोणीच सांगू शकत नव्हतं. दिवाळी तोंडावर आलेली. गाडी गेली की वरच्या तळांची लस गेली, हे लहान मुलालाही कळलं असतं.

एवढं सगळं मी बिरूला सांगितलं. तो मागच्या चाकाजवळ बसला होता. मी 'वेरूळच्या वरचे तळ' म्हणालो तेव्हा त्याचा हात थांबला.

"म्हाळूचा कळप ठाव हाय का तुमाला?"

"आहे की. गेल्या साली निम्मा गेला त्याचा."

"माझा थोरला भाऊ हाय त्यो," बिरू म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

मग थोडं थोडं करून त्यानंच सांगितलं. बाप वारला त्याच वर्षी बिरूनं कळप सोडला. थोरला एकटा पडला. त्यांच्या घरात एक रीत होती. खालून कळप परत आला की दोघा भावांनी समोरासमोर उभं राहायचं, मधून एकेक मेंढरू जाऊ द्यायचं, दोघांनी आपापलं मोजायचं आणि आकडा जुळला पाहिजे. बाप आणि चुलता असंच मोजत आले होते. बिरू निघाला तेव्हा म्हाळू एवढंच म्हणाला होता, "लोखंडापायी मेंढरं सोडली. आता माझ्या कळपापुढं उभा राहू नको." त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून भावाभावांत शब्द नव्हता. हात मात्र लोकर कातायचे विसरले नव्हते.

तपासणी बघण्यासारखी होती. मधल्या स्टँडवर त्यानं गाडी उभी केली आणि मागच्या दातेरी चक्राच्या पार मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढली. त्या चक्राला तो गरारी म्हणायचा. चांगली चेन गरारीला चिकटून राहते. माझी चेन निम्मा दात उघडा पडेपर्यंत वर आली. मग त्यानं मला दात दाखवले. दात सरळ उभे असावेत, तर हे सगळे एकाच अंगाला वाकलेले, टोकाला अणकुचीदार.

"मेंढराचं वय कशावर वळखता, डाक्टर?" मी डॉक्टर नाही हे त्याला माहीत होतं, पण खेड्यापाड्यात सुई टोचणारा प्रत्येक जण डॉक्टरच.

"दातांवर."

"मंग हिच्या तोंडात कदी बघितलं का नाय?"

त्यानं चाक एका हातानं घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं गरारी पुढेमागे हलवली. ती बोटभर हलली. गरारी चाकाला थेट जखडलेली नसते. मधे हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळ भागात, जाड रबराचे तुकडे असतात, गाडीनं जोर मारला की पहिला हिसका ते रबर खातात. बिरूनं चाक काढलं, हब उघडला आणि उपडा केला. रबर कुठले, काळा चुरा पडला नुसता.

"गिअरबॉक्स बिचारा ठणठणीत हाय," तो म्हणाला. "हिसका खायाला कोनी नाय, म्हून समदा हिसका चेनला. चेन लांबली, दात झिजले, चढ आला की चेन दातावरून उडी मारती. तुमाला वाटतं गिअर सुटला."

इथपर्यंत मी मनातल्या मनात सुटलो होतो. जुनी सरकारी गाडी, झिजणारच. मग बिरूनं चेन हातात घेतली. ती हातात लोंबायला हवी, तर कडक होऊन अर्धवट वाकलेली तशीच राहिली. त्यानं नखानं कडीवरचा पिवळसर चिकट थर खरवडला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडे बघितलं.

"करडी?"

मी मान डोलावली. दर आठवड्याला, अगदी न चुकता, घरच्या करडईच्या तेलाची वाटी घेऊन मी चेनला तेल देत असे. दसऱ्याला तर गाडी धुऊन, झेंडू बांधून, चांगलं निथळेपर्यंत. आमचं गाव पैठणच्या बाजूचं. विहिरीवर मोट होती तोवर माझे वडील मोटेच्या चामड्याला आणि नाड्याला हेच तेल चोळायचे. ते वाळलं की चामड्यावर साय धरल्यासारखा थर बसायचा, पाणी आत शिरायचं नाही, मोट वर्षानुवर्षं टिकायची. मोट गेली, पंप आला, पण वडिलांची शिकवण माझ्या डोक्यात पक्की: फिरणाऱ्या वस्तूला करडई. मला तर या काळजीबद्दल स्वतःचं कौतुक वाटायचं.

"चामड्याला जे तारतं ते लोखंडाला मारतं, डाक्टर," बिरू म्हणाला. "वाळलं की डिंक व्हतंय. डिंकावर समदी फुफाट्याची माती. मंग ही चेन ऱ्हायली नाय, कानस झाली. कडी आखडली की गरारीला हिसका, गरारीचा रबराला. तुमी दर आठवड्याला वाटी भरून कानस चालवली."

आणि मग ते माझ्या लक्षात आलं. गेल्या वर्षी घाटात गाडी अडली ती या तेलानंच. तळ निघून गेले, मेंढरं मेली, त्यात बिरूच्या भावाचीही. मी तसं बोलून दाखवलं. त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बिरूनं चेन पेटीवर ठेवली. "आता बोलून मेंढरं उठत्यात का?" तो म्हणाला. "सोमवार कदी हाय?"

सोमवारला सहा दिवस होते. मी घाईघाईनं म्हणालो की निदान नवी चेन तरी बसवू, साहेबांसमोर एकदा चढली म्हणजे झालं. त्यावर तो असा उसळला की रस्त्यावरची माणसं थांबली.

"नवी चेन जुन्या दातावर? म्हैनाभरात नव्या चेनला जुन्याचा रोग लागंल! बदलायचं तर समदं घराणं बदला. म्होरची गरारी, मागची गरारी, चेन. तिघं येकाच दिवशी बोहल्यावर चढत्यात. नायतर माझ्याकडं येऊ नका."

दोन्ही गराऱ्या आणि चेन शहागंजात मिळाली. हबचे रबर मिळेनात. गाडी इतकी जुनी की दुकानदार नाव ऐकून हसले. मी तिथंच हातपाय गाळले. बिरू एका ट्रकच्या टायरचा तुकडा घेऊन आला, चांभाराची रापी मागून आणली आणि हबच्या खोबणीच्या मापानं रबर कापायला बसला. पहिला संच बसवला, गाडी जरा फिरवली, आणि परत येऊन त्यानं सगळा काढून फेकला. टायरचा वरचा भाग फार कडक, हिसका गिळतच नव्हता. "दगुड बसवला मी," तो स्वतःवर चरफडला. दुसऱ्या संचासाठी त्यानं टायरच्या कडेचा मऊ भाग घेतला आणि एकेक तुकडा दाबून, वाकवून, कानाशी नेऊन बघितला. रबर कानाशी नेऊन काय ऐकू येतं, ते मी विचारलं नाही. तोवर मी बराच शहाणा झालो होतो.

शेवटी चाक बसवताना त्यानं टकळीवरचा लोकरीचा दोरा सोडला. एक टोक मला मागच्या चाकाशी धरायला लावलं, दुसरं तो पुढच्या चाकाशी घेऊन गेला आणि दोरा ताठ ताणून एक डोळा मिटून बघितलं. दोन्ही चाकं एका रेषेत नसतील तर नवी चेन आडवी घासत झिजते. काळ्या लोकरीचा तो दोरा दोन्ही टायरांना कसा टेकतो ते बघत त्यानं आसाच्या दोन्ही बाजूंचे नट पाव-पाव फेरा फिरवले. चेन किती सैल ठेवायची तेही त्यानं मला गाडीवर बसवून ठरवलं. "रिकामी गाडी कोन चालवतं? वझं घालून मापा." मग गाडीच्या तेलाचा डबा माझ्या हातात दिला. आधी घासलेटनं चेन स्वच्छ करायची, मग हे थेंब थेंब आतल्या कड्यांना, आणि वरचं फडक्यानं पुसून टाकायचं. "दिसाया नको, तेवडंच तेल."

सोमवारी साहेब आले. कागद त्यांच्या पिशवीत तयार होता, फक्त सही राहिली होती. त्यांनी गाडी दवाखान्याच्या अंगणात एक चक्कर मारून बघितली आणि म्हणाले, "ठीक वाटते. पण अंगणात ठीक वाटून काय उपयोग?"

बिरू माझ्याबरोबर आला होता. मुंडासं धुतलेलं. तो पुढे होऊन म्हणाला, "सपाटीवर कोनचीबी गाडी साधू असती, सायेब. घाटात बगा. अन् मागं तुमी बसा."

आमचे साहेब अंगानं भरदार. स्वतः ते जाणून होते आणि कोणी त्याचा उल्लेख केलेला त्यांना खपत नसे. मी डोळे मिटून घेतले. पण साहेबांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते हसले आणि म्हणाले, "बसतो. पण अडली तर ढकलणार मी नाही."

दौलताबादच्या पायथ्याशी मी गाडी थांबवली. बिरू एसटीनं पुढे जाऊन घाटातल्या जुन्या कमानीपाशी उभा राहणार होता, कारण आदल्या वर्षी गाडी त्याच वळणावर अडली होती. मागे साहेब, मांडीवर लसीचा मोठा थर्मास. बर्फ भरूनच नेऊ, असं बिरूनं सांगितलं होतं. "परीक्षा देयाची तर पाटीपेन्सिलसंगट." मी दुसरा गिअर टाकला. पहिलं वळण, दुसरं वळण. खड्डा आला, मी जोर दिला, आणि सवयीनं अंग आखडून त्या खट्ट आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. गाडी नुसती चढत राहिली. एवढा साधा प्रकार, पण तो मी वर्षभर अनुभवला नव्हता. कमान दिसली. कमानीखाली बिरू आमच्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभा होता. आम्ही जवळून गेलो तेव्हा त्यानं वळून बघितलंच नाही, फक्त हात वर केला. मी वेड्यासारखा ओरडलो. साहेबही ओरडले. पुढे कधी विचारलं तर ते नाकबूल करायचे, पण ओरडले होते.

वर सपाटीला पोचून गाडीवरून उतरल्यावर साहेबांनी कारण विचारलं. माझ्या आधीच्या अहवालात माझ्याच अक्षरात 'गिअरबॉक्स निकामी' असं लिहिलेलं होतं. मला झाकता आलं असतं. पण तोवर बिरू घाट चढून आमच्यापर्यंत पोचला होता, आणि त्याच्यासमोर खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. मी करडईचं सगळं सांगितलं, गेल्या वर्षीच्या मेंढरांसकट. साहेबांनी ऐकून घेतलं. कागद काढला, आडवा फाडला, पुन्हा उभा फाडला. मग बिरूला जरा बाजूला घेऊन हळूच विचारलं, "करडईचं अजिबातच नको म्हणता? माझ्या घरच्या गाडीला आमचे वडील..." त्यांचं वाक्य पूर्ण झालं नाही, कारण बिरू हसायला लागला होता.

मी तिथूनच थर्मास घेऊन वेरूळच्या वर निघालो. बिरूला चल म्हणालो. तो नाही आला. "मला तिथं उभं ऱ्हायाची मनाई हाय," म्हणाला आणि साहेबांबरोबर खाली जाणारी एसटी पकडली.

म्हाळूचा तळ मला शेवटी सापडला. बोचकी बांधून झाली होती, घोड्यावर खाटा चढत होत्या, दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघणार होते. थर्मासात हात घातला तर बर्फाचे खडे अजून हाताला लागत होते. दिवस मावळायच्या आत मी एकशे चौऱ्याऐंशी मेंढरं टोचली. म्हाळू एकेक मेंढरू धरून देत होता, बोलत नव्हता. शेवटचं सोडल्यावर त्यानं विचारलं, "औंदा कसं काय येळंवर आलात?"

मी सांगितलं. माझ्या तेलाच्या वाटीचंही सांगितलं. गाडी कोणी दुरुस्त केली तेही सांगितलं. तो म्हणाला, "मोटंला आमी बी तेच तेल लावायचो." मग, दुसरीकडे बघत, "गाडी कशी तपासतो त्यो?"

"इंजिन बंद करायला लावतो. आपण ढकलायची. तो डोळे मिटून ऐकतो."

म्हाळूच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "आमचा बाप तसाच कळप ऐकायचा. डोळे मिटून. चालतं मेंढरू कोनचं लंगडतंय ते पावलावरून सांगायचा." एवढं बोलून तो उठला आणि घोड्याची दोरी आवळायला गेला.

मी गारखेड्याला येऊन बिरूला हे जसंच्या तसं सांगितलं. तो कातत होता. दोरा तुटला. इतक्या वर्षांत त्याचा दोरा तुटलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

ती मोटारसायकल पुढे बारा वर्षं चालली. मधे दोनदा सगळं घराणं बदललं. माझी बदली झाली, मी पुन्हा शहरात आलो, निवृत्त झालो, गारखेड्यातली ज्वारी गेली आणि लिंबाभोवती तीनमजली घरं उभी राहिली. बिरू मात्र त्या लिंबाखालीच होता. नजर गेली तरी दुकान चाललं, कारण त्याचं दुकान डोळ्यांवर कधी नव्हतंच. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. झोपेत गेला, उशाशी टकळी. मी पोचवायला गेलो होतो आणि मोठ्यानं रडलो, त्याची मला लाज वाटत नाही. पण त्याची गोष्ट मला तिथं संपवायची नाही. तो माणूस मला आठवतो तो त्या दिवाळीनंतरच्या उन्हाळ्यातला.

वैशाख सरत आला होता. पैठण रस्त्यानं धूळ उडवत कळप वर निघाले होते. मी चेन दाखवायला बिरूकडे गेलो होतो. माझ्या आधी एक कॉलेजातला तरुण गाडी घेऊन आला होता, त्यानं नुकतंच गाऱ्हाणं सुरू केलं होतं. तेवढ्यात रस्त्यावर मेंढरांचा गलका झाला आणि कळप थेट लिंबाकडे वळला. पुढे म्हाळू. बिरू पेटीवरून उठला. टकळी हातातच राहिली.

म्हाळूनं काठी जमिनीत रोवली. घामानं भिजलेलं कपाळ पुसलं. "देवीनं येक बी नाय गेलं," तो म्हणाला. "दोन पैठनच्या बाजारात इकली, बाकी समदी पायावर आली. कोकरं सोडून मोजायची हायत." मग त्यानं बोटानं समोरची जागा दाखवली. "समोर उभा ऱ्हा."

बिरू जागचा हलेना. मीच त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकललं. म्हाळू एका बाजूला, बिरू दुसऱ्या बाजूला, मधे दोन हातांची वाट. मेंढरं धक्काबुक्की करत त्यातून निघाली. दोघांचे ओठ हलत होते, नजर खाली. मीही मोजायला लागलो आणि साठाच्या आसपास चुकलो. शेवटचं मेंढरू गेलं. 

"एकशे ब्याऐंशी," दोघं एकदम म्हणाले.

मी माझी वही काढून बघितली. टोचलेली एकशे चौऱ्याऐंशी, विकलेली दोन. मी वही वर धरून नाचलो म्हटलं तरी चालेल. म्हाळूनं कमरेचं उपरणं सोडून तोंडावर धरलं. बिरू उघडपणे रडत होता आणि हसत होता, आणि मुंडाशाच्या शेवानं नाक पुसत होता.

तो कॉलेजातला तरुण मघापासून अवघडून उभा होता. त्याला वाटलं आता आपली पाळी. त्यानं गाडीला किक मारली. इंजिन फटफटलं.

"ए, बंद कर ते!" म्हाळू काठी उचलून गरजला. त्यानं कळपामागच्या आपल्या पोरांना मेंढरं पुढे न्यायला सांगितली, रस्ता मोकळा केला, आणि दूरच्या बाभळीकडे बोट दाखवलं. "तिथपस्तोर ढकलत जा अन् माघारी ये. अन् समदे गप ऱ्हा जरा. माझ्या भावाला ऐकू द्या."